‘कुणाला टाकलं मत?’ असं पाहुण्यांनी विचारलं तर

मतदान संपलं की संध्याकाळपासून हा प्रश्न गाठतोच. पार्क चौकातल्या चहाच्या गाड्यावर, जुळे सोलापुरातल्या अपार्टमेंटच्या जिन्यात, यंत्रमागाच्या खात्यात, हुरड्याला जमलेल्या पाहुण्यांत. एक जण हसत विचारतो, ‘‘काय बे, कुणाचं बटण दाबलास?’’ दुसरा खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणतो, ‘‘आपल्याच माणसाला ना?’’ पहिल्याला गप्पांना विषय हवा असतो. दुसरा हिशोब जुळवत असतो. पण उत्तर दोघांना सारखंच द्यायचं, आणि ते का, हे कळलं की बाकीचं सोपं होतं.

समजा, तुम्ही धाकट्या मामांना सांगितलं, कारण त्यांचं नि तुमचं राजकारण जुळतं. आठवड्यानं थोरल्या मामांनी विचारलं आणि तुम्ही म्हणालात, ‘‘मत गुप्त असतं मामा.’’ थोरल्या मामांना उत्तर मिळालं. जुळतं त्याला सांगायचं आणि जुळत नाही त्याच्यापुढं गप्प बसायचं, असं केलं की गप्प बसण्याचाच अर्थ लागतो. म्हणून नियम एकच ठेवायचा: कुणालाच सांगायचं नाही. तुमच्याच मताच्या माणसाला तर मुळीच नाही. हे जमलं की ‘सांगत नाही’ या दोन शब्दांमागे कुणाला काही शोधता येत नाही.

आधी, लोकांना कळू शकतं तरी काय?

‘आम्हाला सगळं कळतं’ असं गल्लीतला कार्यकर्ता सांगतो, तेव्हा त्यातलं खरं किती ते माहीत असावं. निम्मी भीती इथंच जाते.

तुम्ही मतदान केलं की नाही, हे कळतं. डाव्या तर्जनीवरची शाई सगळ्यांना दिसते. केंद्रात उमेदवारांचे प्रतिनिधी यादी घेऊन बसलेले असतात आणि नाव पुकारलं की त्यावर खूण करतात. त्यामुळं ‘तू गेलाच नाहीस’ हे कुणी खात्रीनं सांगू शकतं. मत कुणाला गेलं, हे मात्र या खुणेतून कळत नाही.

लोकसभा-विधानसभेला व्हीव्हीपॅट या चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या काचेमागं चिठ्ठी 7 सेकंद दिसते. तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. मतदाराचं नाव किंवा क्रमांक नसतो. सात सेकंदांनी ती कापली जाऊन बंद पेटीत पडते, मतदाराच्या हाती येत नाही. ‘चिठ्ठी आणून दाखव’ असं कुणी म्हणालं तर त्याला यंत्रच माहीत नाही असं समजावं.

कळतो तो केंद्रनिहाय आकडा, आणि इथं मात्र सावध राहायला हवं. मतमोजणीच्या टेबलापाशी बसलेले प्रतिनिधी प्रत्येक यंत्राचा आकडा वहीत उतरवून घेतात, आणि पुढं नमुना 20 मध्ये केंद्रवार तक्ता अधिकृतपणे निघतोच. कागदी मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमात होती. यंत्रांसाठी तसंच, अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं, टोटलायझर नावाचं उपकरण वापरावं असं निवडणूक आयोगानं 2008 साली सुचवलं होतं, ते अंमलात आलं नाही. म्हणून आपल्या शाळेतल्या खोली क्रमांक दोनमध्ये कुणाला किती पडली, हे गावाला त्याच दिवशी ठाऊक होतं. मात्र हा आकडा हजार-बाराशे नावांच्या यादीचा असतो. त्यातून तुमचं एक मत वेगळं काढता येत नाही. अपवाद दोनच: एखाद्याला त्या केंद्रावर शून्य पडली, किंवा पडलेली सगळी एकालाच पडली.

कायदा

लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951 चं कलम 94 सांगतं की कुणाला मत दिलं हे सांगण्याची सक्ती कोणत्याही साक्षीदारावर किंवा इतर माणसावर करता येत नाही. कोर्टातही नाही. कलम 128 प्रमाणे मतदान-मोजणीच्या कामावरचे अधिकारी आणि प्रतिनिधी यांच्यावर गुप्तता पाळण्याचं बंधन आहे. ती फोडली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तुम्ही आपण होऊन बाहेर येऊन सांगितलंत तर तो गुन्हा नाही. काकांनी सहज विचारलं तर तोही नाही. गुन्हा सुरू होतो धमकीपाशी, आमिषापाशी आणि देवाच्या धाकापाशी, त्याबद्दल पुढं.

एक गोंधळ टीव्हीमुळं होतो. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवताना दिसतात, मग ‘आमदार दाखवतो, तुला काय झालं?’ असा सवाल येतो. ती तरतूद 2003 सालच्या दुरुस्तीनं फक्त तिथं आली. तुमच्या-आमच्या मतदानाला ती लागू नाही.

मतदानाच्या आधी करायची तयारी

प्रश्न मतदानानंतर येतो, पण उत्तराची सोय आधीच करून ठेवावी लागते.

घरातल्यांशी आधी बोला. जेवताना एकदाच ठरवा की घरातलं कुणीच कुणाचं बाहेर सांगणार नाही. एकाच घरातली पाच मतं पाच दिशांना जाऊ शकतात, आणि बाहेर फुटतं ते बहुधा घरातूनच. विशेष लक्ष शाळकरी पोरांकडं. त्यांच्यादेखत नाव घेऊन चर्चा केली की आत्या आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत ती मोकळी होतात, आणि त्यांचा काही दोष नसतो.

यादीतल्या क्रमांकाची चिठ्ठी कुठून घेता याकडंही लोक बघतात. केंद्रापासून 200 मीटरच्या बाहेर पक्षांची टेबलं लागतात आणि ज्याच्या टेबलावर तुम्ही थांबलात त्याचे तुम्ही, असा सरळ अर्थ काढला जातो. यादीतला भाग क्रमांक नि अनुक्रमांक आदल्या दिवशीच आयोगाच्या संकेतस्थळावर बघून कागदावर लिहून घ्या, किंवा बीएलओनं (केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं) घरी आणून दिलेली चिठ्ठी वापरा, आणि टेबलापुढून ‘राम राम’ करत सरळ जा. उमेदवाराच्या रिक्षातून केंद्रावर जाऊ नका. मतदारांना फुकट वाहन पुरवणं हा उमेदवाराच्या बाजूनं भ्रष्ट आचार ठरतो, आणि परतीच्या वाटेवर रिक्षातच विचारणा होते.

मोबाइल घरी ठेवा. ‘फोटो काढून आण’ या मागणीला हे सर्वांत सोपं उत्तर आहे: ‘‘फोन आत नेऊ देत नाहीत.’’ मतदान कक्षात फोटो काढला तर गुन्हा दाखल होतो. शिवाय केंद्राध्यक्षांनी ताकीद देऊनही गुप्ततेची पद्धत पाळली नाही तर ते मतदानच करू देत नाहीत आणि नोंदवहीत तसा शेरा मारतात.

उत्तर कसं द्यायचं

चालणाऱ्या उत्तरात तीन तुकडे असतात: नात्याचा मान, मत दिलं ही खबर, आणि आपला नियम. लगेच मागून समोरच्याला एक प्रश्न. उदाहरणार्थ: ‘‘काका, सकाळी आठलाच जाऊन आलो, ही बघा शाई. कुणाला ते मात्र मी आईलाही सांगत नाही. तुमच्याकडं रांग होती का?’’

यात कारण कुठंच नाही, हे बघा. ‘उगीच वाद नको म्हणून’, ‘तुम्हाला राग येईल म्हणून’ असं कारण दिलं की ते कारण खोडायला समोरचा मोकळा. ‘राग कशाला येईल? सांग की!’ नियमाशी मात्र वाद घालता येत नाही. पुन्हा विचारलं तर तेच वाक्य, त्याच आवाजात, एकही शब्द न बदलता. तिसऱ्यांदा विचारलं तर उठून पाणी आणायला जावं.

उलट प्रश्नासाठी सोलापूर जिल्ह्यात आयती सोय आहे. लोकसभेला जिल्हा तीन मतदारसंघांत वाटला गेलाय. शहर, अक्कलकोट, मोहोळ, पंढरपूर हे सोलापुरात. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस माढ्यात. आणि बार्शी धाराशिवात. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला पाहुणा बहुधा दुसऱ्याच मतदारसंघाचा निघतो. ‘‘तुमच्या बार्शीत काय हवा आहे?’’ एवढं विचारलं की भात येईपर्यंत तोच बोलतो.

अंदाज बांधणारे जास्त हुशार असतात. ते थेट विचारत नाहीत, एकेक चिन्ह घेतात आणि तोंडाकडं बघत राहतात. इथं माणूस हमखास फसतो. पहिल्या नावाला ‘छे, त्याला कशाला!’ म्हणून जातो आणि मग दोन-तीन नावं उरतात. एकाही नावाला नाही म्हणू नका, सगळ्या नावांना सारखंच हसा. ‘‘नोटा दाबलंस का?’’ या प्रश्नालाही तेच. नोटाचं, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’चं, बटण 2013 पासून आहे आणि ते दाबणंही गुप्त मतदानच आहे.

‘‘मला माहितीये तू कुणाला दिलंस’’ हा हल्ला फक्त बरोबरीचा मित्र करतो. त्याला ‘‘मग विचारतोस कशाला?’’ पुरतं.

कोण विचारतंय यावर थोडं बदला

पक्षाचं काम करणारा चुलतभाऊ बहुधा मतदानाच्या आधीच येतो. त्याच्याकडं यादी असते, प्रत्येक घरापुढं खूण करायची असते: आपला, त्यांचा, डळमळीत. त्याला गप्प बसून वाटेला लावलं की तुमच्यापुढं ‘डळमळीत’ लागतं आणि तो रोज येतो. त्याला कामाचं काहीतरी द्या: ‘‘दादा, घरातले सगळे दुपारच्या आत मतदान करणार, एवढं लिहून घे. आम्हाला न्यायला माणूस पाठवायची गरज नाही.’’ त्याचं निम्मं काम यानं होतं आणि फेऱ्या थांबतात.

उमेदवारच नात्यातला असेल तर शुभेच्छा द्याव्यात, शब्द देऊ नये. महापालिकेला ही वेळ हटकून येते. ‘‘यश मिळो’’ म्हणा, पाया पडला तर आशीर्वाद द्या. ‘‘आमची सहा मतं धरूनच चाल’’ हे वाक्य मात्र गिळा. एकदा बोलून गेलात की निकालाच्या दिवशी त्या सहांचा हिशोब तुमच्याकडं मागितला जातो.

जावयाला सासरवाडीत विचारलं जातं ते आदरानं, ‘‘जावईबापू, तुमचं काय मत पडलं यंदा?’’ असं दुहेरी. इथं ‘मत’ म्हणजे विचार, असा सोयीचा अर्थ घ्या आणि उड्डाणपूल, पाणी, विमानतळ यांवर बोला. सोलापुरात पाणी किती दिवसांआड येतं हा विषय कोणत्याही घरात अर्धा तास पुरतो.

कारखान्यातला जॉबर, पतसंस्थेचा संचालक, उसाचं बिल ज्याच्या हाती आहे तो पुढारी यांच्याशी गंमत करू नये, आणि ‘हा माझा हक्क आहे’ असं तावातावानंही बोलू नये. छोटं नि थंड उत्तर: ‘‘मतदान केलं, मालक. बाकी गुप्त असतं.’’ आणि कामाला लागावं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात हा प्रश्न वाणाबरोबर येतो. निवडणूक तोंडावर असली की वाणाची किंमत वाढते, हे बायकांना सांगायला नको. बोलावणं इच्छुकाच्या घरचं असेल तर जाणं न जाणं आपल्या मनावर. गेलात तर ‘‘वहिनी, कुंकू लावायला आले, मताचं नंतर बघू’’ म्हणून विषय तिथंच ठेवावा.

सुनेची गोष्ट वेगळी आहे आणि तिला वरचे सगळे नियम जसेच्या तसे लावणं अन्यायाचं होईल. तिला त्याच घरात राहायचं असतं. ‘‘घरातली मतं एकीकडंच जातात आमच्यात’’ असं सासूबाईंनी आधीच बजावलेलं असतं. तिनं दोष नियमावर ढकलावा: ‘‘आई, केंद्रातल्या साहेबांनीच सांगितलं, कुणाला सांगायचं नाही म्हणून.’’ एवढ्यानं भागत नसेल, मारहाणीची किंवा घराबाहेर काढण्याची भीती असेल, तर ‘‘तुम्ही सांगितलं तिथंच दाबलं’’ असं खुशाल सांगावं. गुप्त मतदान अशाच बाईसाठी आहे. तिचा शब्द तपासायची सोय कुणाकडंही नाही.

बाकीच्यांनी खोटं का सांगू नये

कारण वर सांगितलेला केंद्रवार आकडा. अठरा घरांनी ‘तुम्हालाच दिलं’ म्हणून सांगितलं आणि यंत्रातून अकरा निघाली, की शोध सुरू होतो, आणि संशय अठराही घरांवर येतो. खरं देणाऱ्यांवरसुद्धा. शिवाय खोटं एकाला सांगितलं की त्याच्या विरोधकालाही तसंच गोड सांगावं लागतं, आणि ते दोघं कधीतरी एकाच तेराव्याला भेटतात. ‘कुणालाच सांगत नाही’ म्हणणारा या हिशोबात कधी धरलाच जात नाही.

लहान निवडणुकांत जास्त जपा

यादी जेवढी लहान, तेवढा अंदाज बांधणं सोपं. ग्रामपंचायतीच्या वॉर्डात दोन-चार मतांनी निकाल फिरतो आणि मग ‘ती दोन कुणाची’ हे वर्षभर चघळलं जातं. विकास सोसायटीत तर मतदार मोजकेच, आणि संचालकांच्या 13 जागांसाठी पॅनेल. तिथला प्रश्नही वेगळा असतो, सगळी मतं एकाच पॅनेलला दिलीस का असा: ‘‘पॅनेल टू पॅनेल मारलंस ना, का फोडलंस?’’ ‘पूर्ण मारलं’ म्हणाल तरी किंवा ‘एक फोडलं’ म्हणाल तरी तुम्ही मत उघड केलंत. कागदी मतपत्रिकेवर ठरावीक ठिकाणी खूण करायला किंवा ठरावीक नावांची जोडी मारायला सांगतात, म्हणजे मोजताना ओळख पटावी. मतदार ओळखू येईल अशी खूण असलेली मतपत्रिका बाद ठरते, हे त्याच माणसाला सांगा: ‘‘तुमचंच मत वाया जाईल.’’

महापालिकेला बहुतेक प्रभागांत चार जागा, म्हणजे एका मतदाराची चार मतं. त्यातून एक गोड सापळा तयार होतो: ‘‘तीन कुणालाही दे, एक आपल्याला दिलंस का तेवढं सांग.’’ चारातलं एक सांगणं म्हणजे थोडंसंच सांगणं, असं वाटतं. पण पुढचा पाहुणा दुसरं एक विचारतो.

म्हातारी माणसं आणि सोबती

आजीला दिसत नसेल तर तिच्यासोबत आत जाणारा सोबती 18 वर्षं पूर्ण झालेला हवा. त्याला त्या दिवशी एकाच मतदाराला मदत करता येते, आणि गुप्तता पाळीन असं लिहून द्यावं लागतं. घरी परतल्यावर सगळे आजीला सोडून त्या नातवालाच घेरतात. ‘‘मी सही करून आलोय’’ हे त्याचं उत्तर. सोबती कोण, हे आजीनं निवडावं. घरातल्या सर्वांत आग्रही माणसाला पाठवू नये.

लोकसभा-विधानसभेला 85 वर्षांवरच्यांना आणि 40 टक्क्यांहून कमी नाही इतकं अपंगत्व असणाऱ्यांना नमुना 12ड भरून घरून मतदान करता येतं. पथक घरी येतं तेव्हा खोली भरलेली असते: सुना, नातवंडं, शेजारचे. मत नोंदवताना सगळ्यांनी बाहेर थांबावं आणि पाकीट चिकटवल्यावरच आत यावं. कुणी हटत नसेल तर पथकातल्या अधिकाऱ्याला सांगावं. त्याचं ते कामच आहे.

व्हॉट्सअ‍ॅप

शाई लागलेल्या बोटाचा फोटो टाकायला हरकत नाही, मागं पक्षाचं टेबल दिसत नाही ना तेवढं बघा. घरच्या ग्रुपवर भाचा ‘कुणाला दिलं?’ असा पोल टाकतो, त्यात मात्र बोट लावू नका. कोणत्या पर्यायाला कुणी मत दिलं ते त्यात नावानिशी दिसतं, आणि ग्रुपमध्ये कार्यकर्ता चुलतभाऊ असतोच. निकालाच्या दिवशी हसरे-रडके चेहरे टाकणंही टाळा. वर्षभर जपलेलं एका नाचणाऱ्या चित्रात जातं.

दबाव आला तर

पैसे किंवा भेटवस्तू घेऊन मत देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 170 खाली लाच आहे, देणारा आणि घेणारा दोघांनाही. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पाकीट दारात ठेवून गेले तर ते हातात न घेता परत न्यायला सांगा, आणि बोलणं दोघांच्या देखत करा.

गावाकडं रात्री देवळात बोलावून बेलभंडार उचलून शपथ घ्यायला लावतात. कलम 171 मध्ये धमकीबरोबरच देवाच्या कोपाची भीती घालणंही स्पष्टपणे आलं आहे, आणि त्यालाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. खरा उपाय म्हणजे त्या रात्री देवळाकडं फिरकूच नये. गेलातच तर ‘‘देवाला यात ओढू नका’’ म्हणून हात मागं घ्यावा. अशा वेळी सगळ्यात आधी एकानं हात मागं घेणं अवघड असतं, म्हणून दोन-तीन घरांनी आधी ठरवून जावं.

तक्रार करायची झाली तर तारीख, वेळ, जागा, कोण काय बोललं हे त्याच रात्री लिहून ठेवा, धमकीचे मेसेज पुसू नका. लोकसभा-विधानसभेच्या आचारसंहितेच्या काळात 1950 वर फोन करता येतो. सी-व्हिजिल ॲपवर फोटो किंवा व्हिडिओ पाठवता येतो, त्यावर 100 मिनिटांत कारवाईची मुदत ठरलेली आहे. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत हा राज्य निवडणूक आयोगाचा कारभार, तिथं तक्रार त्या निवडणुकीच्या निर्णय अधिकाऱ्याकडं लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. मारण्याची धमकी असेल तर निवडणुकीचं कार्यालय शोधत बसू नका, 112 लावा.

आणि मागच्या वेळी तुम्ही सगळ्यांना सांगून बसला असाल, तरी यंदापासून थांबता येतं. ‘‘गेल्या वेळी तर सांगितलं होतंस!’’ असं येईलच. ‘‘हो, यंदापासून बंद केलं’’ एवढंच म्हणा आणि शेंगा चटणीची वाटी पुढं सरकवा.